श्यामलालचं ग्रीक

जबलपूरहून ख्रिस्ती पाळक होऊन श्यामलाल घरी आला तो उशीएवढा जाड ग्रीक कोश घेऊनच. त्या कोशासाठी गोंदियाच्या स्टेशनावर वेगळा हमाल करावा लागला, हे त्याच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी, हातपाय धुण्याच्या आधीच सांगून टाकलं. सुलोचनाबाईंनी ऐकून घेतलं आणि चुलीत लाकूड सारलं. भावाचं त्यांना कौतुक नव्हतं असं नाही. पण लहानपणी त्याचा शेंबूड त्यांनीच पुसला होता. तो चष्मा सारखा करून ‘मूळ भाषेत तसं नाही’ म्हणायला लागला की त्यांना आधी ते नाकच दिसायचं, त्याला त्या तरी काय करणार.

तेव्हापासून घरात मूळ भाषेशिवाय पान हलेना. जेवणाआधी प्रार्थना झाली की मूळ भाषेत भाकरीला काय म्हणतात ते निघायचं, आणि तोवर समोरची भाकर गार व्हायची. म्हातारे धनीराम मात्र मान डोलवायचे. नवेगावातला पहिला बाप्तिस्मा त्यांचा. उभी हयात त्यांनी आठवडी बाजारात उभं राहून झाडीबोलीत शुभवर्तमान सांगितलं, लोकांनी फेकलेलं शेण अंगावर घेतलं, आणि आता पोरगा ग्रीक बोलतो म्हटल्यावर त्यांना सगळं फिटल्यासारखं वाटत होतं. ऐकू त्यांना जवळजवळ येतच नव्हतं, म्हणून कौतुक टिकलं, असं सुलोचनाबाईंचं मत होतं.

ही गोष्ट चोपन्न सालच्या एका शनिवारची, दुसऱ्या दिवशी नव्याचा रविवार होता. हलकं, लवकर येणारं धान कापून झालं की नव्या तांदळाच्या भाकरीनं प्रभुभोजन घ्यायचं, ही नवेगावच्या मंडळीची रीत. त्याआधी प्रत्येक मोठ्या माणसानं देवळाच्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, ‘माझ्या मनात संशय नाही,’ आणि मगच आत यायचं. दुसऱ्या कुठल्या गावात असं करत नाहीत. कोण्या जुन्या गोऱ्या साहेबानं एका वर्षी करून घेतलं, साहेब आपल्या देशी निघून गेला, आणि आमच्या लोकांनी ते धरून ठेवलं. एकदा धरलेलं सोडायचं आमच्याकडे कोणाला सुचत नाही.

सुलोचनाबाईंनी मात्र तीन वर्षं ते म्हटलं नव्हतं. त्यांचा एकुलता एक जागेश्वर शिंगाडे काढायला तलावात उतरला आणि वेलांत पाय अडकून बुडाला. तेव्हापासून नव्याच्या रविवारी त्या दारापर्यंत यायच्या, पुढच्याचं होऊ द्यायच्या, आणि आपली पाळी आली की वळून घंटेच्या खांबापाशी जाऊन बसायच्या. आत भाकर मोडली जाई ती त्यांच्याच जात्यावरच्या पिठाची. ती त्यांनी खाल्ली नाही. मंडळीनं काही म्हटलं नाही. विधवा बाई, पोर गेलेलं, बसते तर बसू द्या, असं चाललं होतं.

नव्या पाळकाला ते चालेना. श्यामलालनं आल्याआल्या नियम काढला की लागोपाठ तीन वर्षं दारातली साक्ष दिली नाही तर नाव मंडळीतून कमी, आणि नाव कमी झालं की कबरस्तानात जागा नाही. हा नियम करताना आपली सख्खी बहीणच त्यात सापडते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. उलट घरापासून सुरुवात केली म्हणजे नियम खरा, असं तो सुमित्राबाईंना सांगताना सुलोचनाबाईंनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

जागेश्वरच्या कबरीशेजारी एका माणसापुरती जमीन रिकामी होती. दर पावसाळ्यानंतर सुलोचनाबाई विळा घेऊन जायच्या आणि दोन्हीकडचं गवत काढून यायच्या, त्याच्यावरचं आणि आपल्यावरचं. तिथं त्यांना जायचं होतं. बाकी कोणापाशी त्यांना काही मागायचं राहिलं नव्हतं.

तर उद्या तरी ते म्हणा असं सुलोचनाबाईंना समजवायला शनिवारी दुपारी सगळे अंगणात मांडवाखाली जमले. धनीराम खाटेवर, श्यामलाल खुर्चीवर, कोश स्टुलावर. सुमित्राबाई दाराशी. धाकटा भाऊ दुधराम शेतावरून तसाच आला होता, पोटऱ्यांना चिखल होता. मंडळीचे पंच म्हणून चुन्नीलाल येऊन बसले होते. चुन्नीलाल दरवर्षी दारात अशा खणखणीत आवाजात ‘संशय नाही’ म्हणायचे की झाडावरचे बगळे उडायचे. घरात म्हैस आटली की हेच चुन्नीलाल गुपचूप चिचगडला पुजाऱ्याकडं कोंबडा घेऊन जायचे. त्यांच्या मनात संशय नव्हता यावर सुलोचनाबाईंचा विश्वास होता. तिथं देवांचीच इतकी दाटी झाली होती की संशयाला बसायला जागा कुठली.

त्या स्वतः जात्यापाशी बसल्या होत्या आणि उद्याचं पीठ दळत होत्या. कोणी थांबा म्हटलं नाही, म्हणून थांबल्या नाहीत.

सुरुवातीला दुधराम त्यांच्या बाजूनं बोलला. बाईचं पोरगं गेलं, तिच्या मनात काय आहे ते तिचं तिला माहीत, गावाला काय करायचं आहे, असं तो तावातावानं म्हणाला. बरं वाटलं ऐकून. मग श्यामलालनं सहज म्हणावं तसं म्हटलं की चमेलीच्या गोंदियाच्या बोर्डिंगचं त्यानं बोलणं काढलेलं आहे, होऊन जाईल. चमेली दुधरामची लेक. दुधरामचा ताव तिथंच उतरला. तो पोटरीवरचा चिखल नखानं खरवडू लागला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “पण बाई, म्हणून टाकाले तुले काऊन जड जाते? एका दमाचं काम.”

“तुले सोपं जाते दिसते,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आता पाहिलं मी.”

सुमित्राबाईंनी दारातून आपलं गोंदियाचं हिंदी लावलं, “दीदी, बोल देने में क्या जाता है? सब बोलते हैं।” ही एक गोष्ट सुमित्राबाई खरी बोलल्या. सगळे बोलतात.

मग श्यामलालनं घसा साफ केला, कोश उघडला, आणि सुलोचनाबाईंनी मनात म्हटलं, आलं ग्रीक.

तो म्हणाला, आपल्या शास्त्रात ‘संशय’ लिहिलेलं आहे, त्यामुळे लोकांचा घोटाळा होतो. लोकांना वाटतं संशय म्हणजे डोक्यातला विचार, आणि डोक्यात काय, काहीही येतं. मूळ शब्द आहे दिस्ताझो. त्यात डोकं नाहीच. त्यात दोन जागा आहेत, आणि माणूस दोन्हींकडे ओढला जातो. प्रभूचा शिष्य पेत्र होडी सोडून पाण्यावर चालत प्रभूकडं निघाला, मग वारा पाहिला आणि कचरला आणि बुडायला लागला. तेव्हा प्रभूनं त्याला जे विचारलं ते, तू विचार का केलास, असं नव्हे. तू मधेच का अडलास, असं.

बोलता बोलता त्याला चेव आला. तो खुर्चीवरून उठला आणि करून दाखवू लागला. एक पाय पुढं टाकला, दुसरा मागं ठेवला, अंगाचा भार ना या पायावर ना त्या पायावर, हात थोडे पुढं, मान पुढं. “असा,” तो म्हणाला. “हा असा जो उभा राहतो, त्याच्यासाठी तो शब्द आहे.”

जातं थांबलं. सुलोचनाबाईंना स्वतःला कळलं नाही की आपण थांबवलं.

असंच उभं राहिलेलं त्यांनी त्याला एकदा पाहिलं होतं. त्या दिवशी सुलोचनाबाई तलावाच्या पाळीवर, बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला, धुणं धूत होत्या. शिंगाड्याच्या घाटावर श्यामलाल दिसला, एक चप्पल पाण्यात, एक पायरीवर, हात असेच पुढं. त्यांना वाटलं, आंघोळीला आलाय आणि पाणी गार लागतंय. त्यांनी मान खाली घालून लुगडं पिळलं. पुढं डोंगेवाल्यांची आरडाओरड झाली, त्या धावल्या, आणि पोहोचल्या तोवर जागेश्वरला काठावर आणून निजवलं होतं. श्यामलालनं सगळ्यांना सांगितलं की तो आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. आपण नीट पाहिलं नसेल, असं त्या स्वतःला म्हणाल्या. म्हाताऱ्या बापाचं सगळं सुख त्या एका पोरात, ते कशाला मोडा, असंही म्हणाल्या. पुढच्याच उन्हाळ्यात तो अचानक जबलपूरला पाळक व्हायला निघाला तेव्हा मात्र त्यांनी नीटच पाहिलं होतं हे त्यांना कळलं. तरी गप्प राहिल्या. गप्प राहायची एक सवय होते माणसाला, आणि राग आतल्या आत शिजत राहतो.

“किती डाव आला हा शब्द शास्त्रात?” त्यांनी विचारलं.

श्यामलालला प्रश्न आवडला. शिकलेल्या माणसाला शिकल्यातलं विचारलं की तो शत्रूलाही उत्तर देतो. “दोनदाच,” तो म्हणाला. “अख्ख्या नव्या करारात.”

“दुसरा कोठी?”

तो जरा अडखळला, पण खोटं बोलला नाही. एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. प्रभू मरणातून पुन्हा उठल्यावर शिष्य डोंगरावर त्याला भेटतात, तिथं, तो म्हणाला. त्यांनी त्याला पाहून नमन केलं, आणि काही जणांनी संशय धरला. तोच शब्द.

“समोर उभा असून?”

“हो.”

“नमन बी केलं, अन् संशय बी?”

“मूळ भाषेत तसंच आहे.”

“मग देवानं त्याईचं नाव कमी केलं?”

चुन्नीलाल खाकरले. श्यामलालनं पान उलटलं, जणू पुढं काही निघेल. निघायचं काय होतं. प्रभू जवळ आला आणि सगळ्यांना जगभर जायला सांगितलं, संशय धरणाऱ्यांना वेगळं काढलं असं लिहिलेलं नाही, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं. दुधरामला हसू फुटलं आणि चमेलीची बोर्डिंग आठवून ते त्यानं खोकल्यात घातलं.

“एवढं वाचाले जबलपूरले गेला,” सुलोचनाबाई म्हणाल्या, “अन् वाचून माझंच नाव कापाले आला.”

हे त्याला झोंबलं. चष्म्यामागं डोळे लाल झाले. ते शिष्य निदान पुढं गेले, तो म्हणाला, तू तीन वर्षं दारात बसली आहेस. आणि पेत्रावर प्रभू रागावलाच होता, हे विसरू नकोस. संशय हा संशयच.

सुलोचनाबाईंनी हाताचं पीठ झटकलं.

“रागावला. पण हात आधी धरला, मग रागावला. बुडणाऱ्याले काठावरून शास्त्र नाही सांगत बसला.” त्या उठून उभ्या राहिल्या. “माझा संशय तेवढाच आहे, श्यामलाल. पेत्राले हात भेटला. माझ्या पोराले काऊन नाही भेटला? मी देवाले रोज इचारतो, तो बोलत नाही. आता तुले इचारतो. त्या दिवशी घाटावर तुझी एक चप्पल पाण्यात होती अन् एक पायरीवर. मी पाळीवरून पाहिलं. आता जसा उभा राहिला न, तसाच होता तू. तुले पोहता येते का नाही?”

नवेगावात पोहता न येणारा पुरुष शोधून सापडायचा नाही. श्यामलाल तर लहानपणी पैज लावून तलावाच्या मधल्या झाडापर्यंत जाऊन यायचा.

त्यानं चष्मा काढला. चष्म्याबरोबर जबलपूरही उतरलं, आणि तो लहानपणी बोलायचा तसं बोलला.

“येते.”

“मग?”

“वेल पाहिले मी. वाटलं, माझेई पाय अडकतीन. वाटलं, कोणी डोंगेवाला येऊन राहिला असन. एक पाय टाकला, बाई. दुसरा नाही उचलला.” त्यानं चष्म्याची काडी मिटली. “तो माझ्याकडंच पाहून राहिला होता.”

सुमित्राबाईंनी पदर तोंडात धरला. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्या एका क्षणी सुलोचनाबाईंना त्यांची दया आली.

खाटेवरून धनीरामांनी विचारलं, “का म्हणते तो?”

कोणी सांगेना. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. दुधरामनं काहीतरी नाही म्हणून हात हलवला, पण धनीराम त्या हाताकडं पाहीनात. चेहरे त्यांना दिसत होते. “श्यामलाल,” ते म्हणाले, “तू सांग.”

बहिऱ्या माणसाला काही हळू सांगता येत नाही. श्यामलाल खाटेपाशी गेला, वाकला, आणि बापाच्या कानात ओरडून म्हणाला, “मी घाटावर होतो, बाबा. जागेश्वर बुडून राहिला होता. मी नाही उतरलो.” म्हाताऱ्यानं हात कानामागं धरला, नीट ऐकू आलं नाही की ऐकावंसं वाटलं नाही, देव जाणे. श्यामलालला तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं ओरडावं लागलं. शेजारच्या खळ्यावर धान झोडणाऱ्या बायांचे हात थांबले. अख्ख्या आळीला ऐकू गेलं.

धनीरामांनी हात खाली घेतला. नंतर ते पोराकडं न पाहता म्हणाले, “मीई तीन वर्षं दारात खोटंच म्हणून राहिलो. नातू गेला तवापासून.” एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

चुन्नीलालना आता आपलं पंचपण आठवलं. ते म्हणाले की हे तर फारच गंभीर झालं, मग उद्या भाकर मोडायची कोणी, पाळकाच्याच हाताला जर असा डाग, तर गोंदियाहून दुसरा पाळक बोलवावा लागेल, मंडळीसमोर ठेवावं लागेल. मघापर्यंत ते श्यामलालच्या शेजारी बसले होते. आता त्यांनी आपली चटई हातभर सरकवली होती.

“चुन्नीलालभाऊ,” सुलोचनाबाई म्हणाल्या, “तुमी चिचगडले जाऊन या. पुजाऱ्याले इचारा, कोणाच्या हातची चालते ते. मग सांगा आमाले.”

चुन्नीलाल उठले ते जोडे पायात घालायचे विसरून फाटकापर्यंत गेले. परत आले, जोडे घेतले, गेले.

सुलोचनाबाई तशाच उभ्या होत्या. तीन वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हे एकदा याच्या तोंडून निघालं की छातीवरचा धोंडा उतरेल. निघालं, आणि धोंडा होता तिथंच होता. उलट आता पोराचे डोळे त्यांना दिसत होते, घाटाकडं पाहणारे, आणि ते आधी दिसत नव्हते. त्यांना श्यामलालचा राग आला, पार मुळापासून राग आला, आणि त्या रागाच्या खाली तोच शेंबडा भाऊ होता, त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

श्यामलाल जमिनीवर बसला होता. नाव कमी करायचं मी मागं घेतो, तो म्हणाला, जागेश्वरच्या शेजारची जागा तुझीच आहे, कोणी काही म्हणणार नाही. सुलोचनाबाईंना हसू आलं, कडूजहर.

“जागा देऊन मोकळा होऊ नको,” त्या म्हणाल्या. “उद्या दारात पयले तू उभा राह्य. संशय नाही, असं म्हणू नको. आता जे बाबाले ओरडून सांगितलं तेच सांग. मग मी येतो. मी म्हणन, माझ्या मनात संशय आहे. अन् तुझ्या हातची भाकर घेईन.”

“माझ्या हातची?”

“तुझ्याच. दुसऱ्याच्या हातची मले नाही पायजे.”

त्यानं हातातला चष्मा जमिनीवर ठेवला. मग म्हणाला, “माफ केलं का, बाई?”

“नाही.” त्या पुन्हा जात्यापाशी बसल्या. पीठ निम्मंच झालं होतं. त्यांनी खुंटा धरला, मूठभर तांदूळ टाकले, आणि जातं फिरवायच्या आधी थांबल्या.

“तुले भेव वाटलं, मी समजतो. कोणाले नाही वाटत. पण हाक तरी माराची होती. मी होतो न पाळीवर.”

“तुले पोहता नाही येत, बाई.”

“तरी उतरली असती.”